तेविसाव्या वर्षी निवृत्त

२५३ नावं पुकारली गेली आणि ड्राफ्ट संपला. न्यूयॉर्कचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल, २०१२ चा एप्रिल, तीन दिवसांचा कार्यक्रम. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल खेळून बाहेर पडणाऱ्या मुलांमधून एनएफएलचे ३२ व्यावसायिक संघ आपापल्या पाळीने एकेक खेळाडू उचलतात, तो हा ड्राफ्ट. त्या वर्षीच्या २५३ जणांत ११ क्वार्टरबॅक होते. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक सामने जिंकलेला क्वार्टरबॅक त्याच वर्षी बाहेर पडत होता आणि सर्वाधिक यार्ड पास फेकलेलाही त्याच वर्षी. त्या अकरा जणांत दोघंही नव्हते. यावर कडी म्हणजे २५३ वं, अगदी शेवटचं नाव एका क्वार्टरबॅकचंच होतं!

पहिला केलन मूर, आयडाहो राज्यातल्या बॉइसी स्टेट विद्यापीठाचा. २००८ ते २०११ या चार हंगामांत त्याने ५३ सामन्यांत संघाची सूत्रं सांभाळली. ५० जिंकले, ३ हरले. हरलेले तीन सामने अनुक्रमे एक, तीन आणि एका गुणाने गेले. म्हणजे चार वर्षांत मिळून पाच गुण कमी पडले, बस्स. दुसरा केस कीनम, ह्यूस्टन विद्यापीठाचा. त्याने फेकलेल्या पासांचे एकूण यार्ड १९,२१७. हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांत प्रत्येक चालीचा चेंडू जवळपास न चुकता ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचा, साथीदाराच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं, हा निर्णय त्याचा. संघात एका वेळी एकच क्वार्टरबॅक मैदानावर असतो, म्हणून बाकीचे तीन-चार जण वर्षानुवर्षं बाकावर बसून असतात. हा बाक पुढच्या सगळ्या हिशेबात लक्षात ठेवायला हवा.

आता हिशेब. कॉलेज क्रीडा चालवणारी संस्था एनसीएए. तिच्याच अंदाजानुसार ड्राफ्टसाठी पात्र ठरणारे खेळाडू दरवर्षी १६ हजारांच्या आसपास असतात आणि त्यांतले जेमतेम १.६ टक्के निवडले जातात. ही झाली सगळ्या जागांची सरासरी. क्वार्टरबॅकची गोष्ट याहून अडचणीची. एनएफएलच्या ३२ संघांत या जागेवर खेळणारे ३२, त्यांच्यामागे बसणारे प्रत्येक संघात एक-दोघं. वरच्या विभागातले कॉलेज संघ २०११ मध्ये १२० होते, आता १३० च्या वर गेलेत. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या १२ नावांत ६ क्वार्टरबॅक निघाले, तेव्हा केवढा गाजावाजा झाला. पण उरलेल्या सहा फेऱ्यांत मिळून आणखी फक्त ५ निघाले. वर्षाला साधारण दहा-बारा, कधी चौदा-पंधरा. बाकीच्यांची कारकीर्द बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी संपते.

२०१२ ची तुकडी

बारा-तेरा वर्षं उलटल्यावर एखादी तुकडी नीट तपासता येते, म्हणून २०१२ चीच घेऊ. निवडलेले ११ आणि बाहेर राहिलेले हे दोन, असे १३ जण.

पहिलं नाव स्टॅनफर्डच्या अँड्र्यू लकचं. पिढीतून एकदा असा मुलगा येतो, असं तेव्हा सगळेच म्हणत होते आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. दुसरं रॉबर्ट ग्रिफिनचं. आदल्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, त्याला मिळालेली. पहिल्याच हंगामात तो एनएफएलचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि त्याच हंगामाच्या शेवटी, जानेवारी २०१३ मध्ये, बाद फेरीत त्याचा गुडघा गेला. नंतर तो बरीच वर्षं या-त्या संघात राहिला, पण पहिल्या वर्षाचा ग्रिफिन पुन्हा दिसला नाही. आता तो टीव्हीवर खेळाचं विश्लेषण करतो.

ज्या संघाविरुद्ध तो गुडघा गेला त्या सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक होता रसेल विल्सन, त्याच तुकडीतला, पण ७५ व्या क्रमांकावर निवडलेला. उंची ५ फूट ११ इंच, म्हणून मागे पडलेला. पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०१४ मध्ये, त्याने डेनव्हरला ४३-८ असं लोळवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. ८८ वा निक फोल्स. फेब्रुवारी २०१८ मध्ये तोही सुपर बोल जिंकला आणि सामन्याचा मानकरी ठरला. १०२ वा कर्क कझिन्स. २०१८ मध्ये त्याने मिनेसोटाशी तीन वर्षांचा ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, पैन् पैची हमी असलेला. उलट २२ व्या क्रमांकाचा ब्रँडन वीडन आधी बेसबॉल खेळून आलेला, निवड झाली तेव्हाच २८ वर्षांचा. क्लीव्हलँडने त्याला दोन वर्षांत मोकळं केलं. आणि २४३ वा नि २५३ वा? दोघंही एनएफएलचा एकही नियमित सामना न खेळता घरी गेले.

बाहेर राहिलेल्या कीनमला ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाने सरावापुरतं ठेवून घेतलं. ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’ नावाची ही जागा म्हणजे आठवड्याच्या बोलीवरची नोकरी. मंगळवारी बोलावतील, पुढच्या मंगळवारी जा म्हणतील. तिथून चिकाटीने वर येत जानेवारी २०१८ मध्ये मिनेसोटाकडून खेळताना अखेरच्या क्षणी त्याने ६१ यार्डांचा विजयी पास फेकला. पुढच्याच आठवड्यात तो ३८-७ असा हरला, तेही फोल्सच्या संघाकडून. त्या वसंतात डेनव्हरने त्याला दोन वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले. २०२५ च्या हंगामात या तेरांपैकी तिघंच एनएफएलमध्ये उरले होते: विल्सन, कझिन्स आणि कुणीही न उचललेला कीनम.

आणि ५० सामने जिंकलेला मूर? एनएफएलमध्ये तो एकूण तीन सामने खेळला, सगळे २०१५ च्या हंगामात डॅलसकडून. त्यांतल्या दोनांत सुरुवातीपासून होता, दोन्ही हरला. कॉलेजात चार वर्षांत तीन पराभव, इथे दोन आठवड्यांत दोन. पण डॅलसने त्याला २०१८ मध्ये क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक केलं, वर्षभरात आक्रमणाची सगळी आखणी त्याच्याकडे दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने सुपर बोल जिंकला तेव्हा आक्रमणाची सूत्रं मूरकडे होती, आणि त्याच महिन्यात न्यू ऑर्लिन्सने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. मराठी वाचकाला इथे अमोल मुझुमदार आठवणारच. प्रथम श्रेणीच्या ११,१६७ धावा, भारताची टोपी शून्य वेळा, आणि २०२५ मध्येच नवी मुंबईत विश्वचषक उचलणाऱ्या महिला संघाचा प्रशिक्षक. हात कमी पडला म्हणून डोकं कमी होतं असं नाही. ते फक्त वेगळ्या खुर्चीवर बसवावं लागतं.

पण ही खुर्ची प्रत्येकाला मिळत नाही, आणि मिळते ती बहुधा क्वार्टरबॅकलाच का, याला कारण आहे. कॉलेजात चाळीस सेकंदांच्या घड्याळात नेमकं काय चालतं ते पाहा. मागची चाल संपली की घड्याळ सुरू. बाहेरून पुढच्या चालीचं नाव येतं. २०२४ पर्यंत ते हातवाऱ्यांनी किंवा चित्रं रंगवलेले फलक उंचावून दिलं जायचं. त्यानंतर वरच्या विभागात हेल्मेटमध्ये रेडिओ आला, पण १५ सेकंद उरले की तो बंद होतो. तिथून पुढे तो पोरगा एकटा. समोरच्या बचावात कोण कुठे उभा आहे हे मोजायचं, मागचा खेळाडू एक पाऊल पुढे सरकला तर चाल बदलायची, लाखभर लोकांच्या आवाजात ती दहा जणांना ओरडून सांगायची. चेंडू हातात आला की मिळतात अडीच-पावणेतीन सेकंद. ज्याने हे चार वर्षं केलं त्याला खेळ वाचता येतो. ही विद्या खांद्याच्या ताकदीवर अवलंबून नसते, म्हणून ती निवृत्त होत नाही. कीनमच्या आधी यार्डांचा विक्रम हवाईच्या टिमी चँगच्या नावावर होता: १७,०७२. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. २०२२ पासून तो त्याच हवाई विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक आहे.

वीस ट्रॉफ्या, सुपर बोल शून्य

हाइझमन ट्रॉफीची यादी काढून बसलं की आणखी एक गोष्ट दिसते. २००० ते २०२३ या २४ वर्षांत ती २० वेळा क्वार्टरबॅकला मिळाली. या वीस जणांपैकी ९ जण पुढे ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, ३ दुसऱ्या. म्हणजे बारा जणांवर व्यावसायिक संघांनी आपली सर्वांत महाग निवड लावली. आणि २०२५ च्या सुपर बोलपर्यंत या विसांपैकी संघाचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोल जिंकणारे किती? एकही नाही. कॅम न्यूटन आणि जो बरो अंतिम सामन्यापर्यंत पोचले, हरले. हाइझमन आणि सुपर बोल दोन्ही जिंकणारे क्वार्टरबॅक शोधायला रॉजर स्टॉबक आणि जिम प्लंकेट यांच्यापर्यंत, म्हणजे गेल्या शतकात मागे जावं लागतं.

यादी मधोमध कापून पाहिली तर जास्त बोलकी होते. २००७ पर्यंतचे विजेते सात. त्यांतले पहिल्या फेरीत गेले फक्त तीन. २००१ चा विजेता, नेब्रास्काचा एरिक क्राउच, याला ९५ व्या क्रमांकावर घेतलं, तेही झेल घेणारा खेळाडू म्हणून. एकही नियमित सामना न खेळता त्याने संघ सोडला आणि पुढे ओमाहात मुलांच्या खेळाच्या मैदानांचं साहित्य पुरवण्याचा धंदा काढला. २००३ चा विजेता, ओक्लाहोमाचा जेसन व्हाइट, याला कुणीच घेतलं नाही. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. पण २००८ पासूनचे तेराच्या तेरा विजेते पहिल्या फेरीत गेले. मुलं काही अचानक चांगली झाली नाहीत. व्यावसायिक संघांनी कॉलेजचा खेळ स्वतः उचलायला सुरुवात केली होती.

दोन्हीकडचा खेळ दिसायला एक, पण मोजमापं वेगळी. मैदानावर चेंडू ठेवण्याच्या खुणांच्या दोन रांगा असतात. कॉलेजात त्यांच्यातलं अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात चेंडू एका कडेला ठेवला की दुसऱ्या बाजूला मोकळं रान मिळतं. एनएफएलमध्ये तो जवळपास मधोमधच राहतो आणि मोकळं रान आक्रसतं. पास फेकला जाण्याआधी पुढच्या फळीतल्या दांडग्यांना कॉलेजात तीन यार्ड पुढे जाता येतं, तिकडे एकच. म्हणून पळण्याचा आभास करून पास फेकण्याची चलाखी कॉलेजात जास्त चालते. जुने निवडकर्ते अशा मुलांना ‘सिस्टीम क्वार्टरबॅक’ म्हणून बाजूला सारायचे: व्यवस्था चांगली, मुलगा सामान्य. मूर, कीनम, चँग या तिघांवरही हाच शिक्का बसला. माझ्या मते या शिक्क्यात थोडं तथ्य आणि बराच आळस होता. मूरच्या बाबतीत तथ्य निघालं. कीनमच्या बाबतीत आळस.

वर्षांचा हिशेब नको, एका रात्रीचा घ्या

२ जानेवारी १९९६, टेम्पी, ॲरिझोना. फिएस्टा बोल, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना: नेब्रास्का विरुद्ध फ्लोरिडा. नेब्रास्काचा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियर, मूळचा फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनचा. फ्लोरिडाचा डॅनी वरफेल. तिसऱ्या सत्राच्या शेवटाकडे फ्रेझियर चेंडू घेऊन उजवीकडे सरकला. पहिल्याने धरलं, सुटला. दुसऱ्याने कमरेला मिठी मारली, तिसरा पाठीवर आला, घोळक्यात तो दिसेनासा झाला आणि मग घोळक्यातून बाहेर पडून थेट ७५ यार्ड पळत गेला. किमान सात जणांचे हात त्याला लागले होते. सामना ६२-२४ संपला. फ्रेझियरने एकट्याने पळून १९९ यार्ड काढले, त्याच्या संघाने ५२४. फ्लोरिडाच्या खात्यावर पळण्याचे यार्ड होते उणे २८, कारण कॉलेजात क्वार्टरबॅकला मागे पाडलं की ते यार्डही यातूनच वजा होतात. वरफेलची रात्र कशी गेली असेल ते या एका आकड्यावरून समजून घ्या.

ओळीने दोन राष्ट्रीय विजेतेपदं, मुख्य क्वार्टरबॅक म्हणून ३३ विजय, ३ पराभव. साडेतीन महिन्यांनी ड्राफ्ट झाला आणि फ्रेझियरला कुणीही उचललं नाही. १९९४ च्या हंगामात त्याच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, तो धोका पत्करायला एकही संघ तयार नव्हता. तो माँट्रियलला, कॅनडाच्या लीगमध्ये गेला. तेही थोडक्यात आटोपलं. पुढे नेब्रास्कातल्याच डोन या छोट्या कॉलेजात दोन हंगाम मुख्य प्रशिक्षक झाला. तिथे यश आलं नाही.

१९९४ मध्ये तो आजारी असताना संघ सांभाळला होता ब्रूक बेरिंजर या दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकने. सात सामन्यांत सूत्रं हाती, सात विजय. पण फ्रेझियर बरा झाला आणि बेरिंजर पुन्हा बाकावर गेला. त्याने तक्रार केली नाही, म्हणून नेब्रास्कात लोक आजही त्याचं नाव आदराने घेतात. त्याला विमान चालवण्याचा नाद होता. १८ एप्रिल १९९६ रोजी, ड्राफ्टच्या दोन दिवस आधी, त्याचं छोटं विमान कोसळलं आणि तो गेला. वय २२. स्टेडियमबाहेर प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांच्यासोबत त्याचा पुतळा आहे.

आणि वरफेल? पुढच्याच वर्षी त्याने हाइझमन जिंकली, फ्लोरिडा स्टेटला ५२-२० असं हरवून राष्ट्रीय विजेतेपदही. ड्राफ्टमध्ये गेला चौथ्या फेरीत, ९९ वा, न्यू ऑर्लिन्सकडे. सहा वर्षांत चार संघ झाले, मुख्य क्वार्टरबॅक म्हणून सामने मिळाले दहा. मग तो न्यू ऑर्लिन्सच्या नाइन्थ वॉर्ड या गरीब वस्तीत काम करणाऱ्या ‘डिझायर स्ट्रीट मिनिस्ट्रीज’ या ख्रिस्ती सेवासंस्थेत पूर्णवेळ दाखल झाला. २००५ च्या कतरिना वादळात वस्ती बुडाली, त्याचं स्वतःचं घरही बुडालं. पुढे तो संस्थेचा प्रमुख झाला. समाजकार्य करणाऱ्या कॉलेज खेळाडूला आज त्याच्या नावाची ट्रॉफी दिली जाते. २०१३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी निवडलेल्यांच्या यादीत फ्रेझियर आणि वरफेल ही दोन्ही नावं होती. एनएफएलच्या चष्म्यातून पाहिलं तर दोघंही फसलेले. हा चष्माच चुकीचा आहे, हे मला या लेखात सांगायचं आहे. कॉलेज फुटबॉल ही कुठल्या तरी मोठ्या परीक्षेची पूर्वतयारी नाही. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांसाठी तीच कारकीर्द असते, पूर्ण आणि शेवटची.

मग त्या कारकिर्दीचा पगार किती?

१ जुलै २०२१ पर्यंत उत्तर होतं: फी, राहणं, जेवण, पुस्तकं आणि अगदी शेवटच्या काही वर्षांत थोडा हातखर्च. स्वतःच्या सहीचा फोटो विकला तरी चौकशी लागायची. याला आव्हान देणाराही एक क्वार्टरबॅकच होता. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केन कोल्टरने जानेवारी २०१४ मध्ये खेळाडूंची कामगार संघटना करायचा अर्ज केला. अमेरिकेच्या कामगार संबंध मंडळाच्या शिकागो कार्यालयापुढे सुनावणी झाली आणि त्यात जे आकडे बाहेर आले ते आधी कुणी इतके नीट मांडले नव्हते. हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास खेळासाठी, हंगामापूर्वीच्या शिबिरात ५० ते ६०. शिष्यवृत्तीचं मूल्य वर्षाला सुमारे ६१ हजार डॉलर, उन्हाळी सत्र धरून ७६ हजारांपर्यंत. आणि २००३ ते २०१२ या दहा वर्षांत विद्यापीठाला फुटबॉलमधून आलेला महसूल सुमारे साडेतेवीस कोटी डॉलर. कोल्टरने साक्षीत सांगितलं की त्याला डॉक्टर व्हायचं होतं. रसायनशास्त्राचा तास आणि सराव एकाच वेळी येत होते, सराव सुटणार नव्हता, म्हणून डॉक्टरकी सुटली. मानसशास्त्र घेतलं.

मार्च २०१४ मध्ये निकाल लागला: हे खेळाडू विद्यापीठाचे कर्मचारी आहेत. एप्रिलमध्ये संघाने संघटनेसाठी मतदान केलं आणि मतपेट्या सील झाल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या मंडळाने हे प्रकरण हाताळायलाच नकार दिला, निकाल रद्द झाला. ती मतं कधी मोजलीच गेली नाहीत.

इथे शरीराचाही जमाखर्च मांडायला हवा. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मरणोत्तर दान केलेल्या फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ मेंदूंत वारंवारच्या आघातांमुळे होणारा सीटीई हा विकार सापडला. एनएफएल खेळलेल्या १११ पैकी ११० मध्ये. हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. बहुतेक वेळा ज्या घरांत आधीच त्रास दिसला होता तिथूनच हे मेंदू आले होते, आणि संशोधकांनीही ते स्पष्ट म्हटलं आहे. तरी ४८ हा आकडा कॉलेजपर्यंतच खेळलेल्यांचा आहे, हे नजरेआड करता येत नाही.

२०१२ चा पहिला क्रमांक अँड्र्यू लक याचं पुढे काय झालं ते मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. बरगडीची कूर्चा फाटली, पोटाचा स्नायू फाटला, मूत्रपिंडाला जखम होऊन लघवीतून रक्त गेलं, खांदा गेला, २०१७ चा पूर्ण हंगाम गेला. २४ ऑगस्ट २०१९ रोजी सराव सामना चालू असतानाच त्याच्या निवृत्तीची बातमी फुटली. तो मैदानातून बाहेर निघाला तेव्हा इंडियानापोलिसच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. वय २९. तो स्टॅनफर्डला परतला, शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल विभागाचा महाव्यवस्थापक झाला. कॉलेज संघाला महाव्यवस्थापक कशाला लागतो? पगाराचा हिशेब ठेवायला. कारण आता पगार आहेत.

जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशा निकालात एनसीएएला फटकारलं. १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमवायची मुभा मिळाली. जाहिराती आल्याच, पण खरा पैसा आला माजी विद्यार्थ्यांच्या खिशातून, वर्गण्या गोळा करून. त्याच सुमारास कॉलेज बदलणंही सोपं झालं. आधी बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. कॉलेज बदलण्याचा हा ओघ ट्रॉफीच्या यादीत आधीपासूनच दिसतो. २०१७ ते २०२३ मध्ये हाइझमन जिंकलेल्या सहा क्वार्टरबॅकपैकी पाच जण कॉलेज बदलून आलेले होते. एकाच कॉलेजात राहिलेला फक्त अलाबामाचा ब्राइस यंग. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने आणखी एक तडजोड मंजूर केली: २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना थेट पैसे वाटता येतात, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मोठ्या विद्यापीठांत यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला आणि त्यातला मोठा तुकडा क्वार्टरबॅकला जातो.

आता दुसऱ्या बाजूचा पगार बघा. २०१० मध्ये ड्राफ्टचा पहिला क्रमांक सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरवर गेला, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी नव्या करारपद्धतीने नवोदितांच्या पगाराला कात्री लागली. २०११ चा पहिला क्रमांक कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख मिळाले. २०२५ मध्ये एनएफएलमधल्या नवोदिताचा किमान पगार वर्षाला ८ लाख ४० हजार, तोही संघात टिकला तर. प्रॅक्टिस स्क्वॉडवर आठवड्याला १३ हजार. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने एनएफएलची सरासरी कारकीर्द ३.३ वर्षं, आणि पेन्शनचा हक्क लागायला हवेत तीन हंगाम. म्हणजे सरासरी खेळाडू पेन्शनच्या उंबऱ्यावरून जेमतेम आत पडतो. अशा बाजारात मोठ्या कॉलेजचा चांगला क्वार्टरबॅक, जो ड्राफ्टमध्ये पाचव्या-सहाव्या फेरीत गेला असता, तो कॉलेजात आणखी एक वर्ष राहण्यातच जास्त कमवू शकतो. आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई बाविसाव्या वर्षी, आणि तीही विद्यार्थी असताना. टेक्सास किंवा ओहायोमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात मुलगा शाळेच्या संघात खेळत असेल तर या आकड्यांनी हुरळून जाऊ नये: हे पैसे बाकावर बसणाऱ्याला मिळत नाहीत, आणि बाकावर बसणारे जास्त असतात.

जून २०२५ च्या त्याच तडजोडीत मागच्या नुकसानीपोटी २८० कोटी डॉलर दहा वर्षांत वाटायचं ठरलं आहे. ते १५ जून २०१६ नंतर खेळलेल्यांनाच मिळतील. केन कोल्टर नॉर्थवेस्टर्नकडून शेवटचा खेळला तो २०१३ मध्ये.